दहा हजार आयोजकांची यादी आणि मागची ३४ व्याख्याने

प्रश्न: मी राजारामपुरीत राहते. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या मनुष्यबळ विभागात बारा वर्षे काम केल्यानंतर तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि व्याख्याने व प्रशिक्षण हाच पूर्णवेळ व्यवसाय केला. सुपरवायझरने कामगारांशी कसे बोलावे आणि शॉप फ्लोअरवरची सुरक्षितता हे माझे मुख्य विषय आहेत. अर्ध्या दिवसाच्या सत्राचे १२ हजार रुपये मानधन घेते. गेल्या वर्षी ३४ कार्यक्रम झाले. त्यांपैकी २१ निमंत्रणे मला आधी ऐकलेल्या किंवा ओळखणाऱ्या माणसांमुळे आली, ७ उद्योजकांच्या संघटनांमार्फत, ४ महाविद्यालयांतून आणि २ वेबसाइट पाहून. आता एका कंपनीचा प्रतिनिधी मागे लागला आहे. व्यावसायिक वक्त्यांसाठी लीड, म्हणजे काम देऊ शकणाऱ्या आयोजकांची नावे व संपर्क, शोधून देणारे त्यांचे सॉफ्टवेअर आहे आणि त्याचे वर्षाचे शुल्क ६० हजार रुपये अधिक जीएसटी आहे. 'देशभरातील दहा हजारांहून अधिक व्हेरिफाइड आयोजक' त्यात असल्याचे तो सांगतो आणि महिनाअखेरपर्यंत पैसे भरल्यास सवलत देतो. त्याने पाठवलेली २५ नावांची नमुना यादी, मला ठाऊक असलेली माहिती तिच्यावर टिपून, सोबत जोडली आहे. माझ्या परिचयाचे मुंबईतील एक वक्ते बँका आणि वित्त कंपन्यांमध्ये इंग्रजीतून बोलतात, त्यांना अशाच साधनातून चांगले काम मिळाले. घरच्यांचे म्हणणे आहे की पैसे पाण्यात जातील. मी हे साधन घ्यावे का? आणि अशी साधने घेण्याजोगी आहेत की नाहीत, हे ठरवायचे तरी कसे?
— एक प्रशिक्षक, कोल्हापूर

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देतो. महिनाअखेरच्या सवलतीसाठी आपण वर्षाचे पैसे भरू नयेत. ही सवलत संपली तरी पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या कोणत्या तरी निमित्ताने पुन्हा येईल, त्यामुळे तारखेची घाई ही प्रतिनिधीची आहे, आपली नाही. दुसरा प्रश्न मात्र सविस्तर उत्तर मागतो, आणि त्या उत्तराची बरीचशी सामग्री आपण पत्रातच पाठवली आहे: मागची ३४ व्याख्याने आणि ती २५ नावांची यादी.

साधन पुढे काय देईल हे विक्रेता सांगतो. मागे काय दिले असते हे मात्र आपण स्वतः तपासू शकता. म्हणून प्रथम त्या ३४ कार्यक्रमांची नोंद एका वहीत करावी आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहाव्यात: संस्था कोणती, पहिला फोन कोणी केला, त्या व्यक्तीला आपले नाव कोठून कळले, आणि तो फोन व प्रत्यक्ष कार्यक्रम यांच्यात किती दिवस होते. मग प्रतिनिधीला सांगावे की डेमो द्यायचा असेल तर तो याच संस्थांवर द्यावा. त्याच्या मर्जीवर सोडले तर तो पुण्यातील आयटी कंपन्या आणि मुंबईतील मोठी हॉटेले दाखवील, कारण तेथे प्रत्येक साधन चांगलेच दिसते. आपण एकेक नाव सांगावे आणि पडद्यावर काय येते ते पाहावे. संस्था सापडते का, एवढेच पाहून थांबू नये. ज्या माणसाने आपल्याला फोन केला होता त्याचे नाव किंवा निदान त्याचे पद तेथे आहे का, हे पाहावे. गोकुळ शिरगावातल्या कारखान्यात आपल्याला बोलावणारा माणूस बहुधा प्लँट हेड किंवा सेफ्टी ऑफिसर असतो, लहान युनिटमध्ये तर स्वतः मालकच असतो, आणि साधनात मात्र कंपनी नोंदणीच्या कागदांवरून उचललेले संचालकांचे नाव असते. हे संचालक कधी कधी घरातील वयोवृद्ध मंडळी असतात आणि त्यांचा प्रशिक्षणाशी काडीचाही संबंध नसतो.

३४ पैकी वीसेक संस्था सापडल्या आणि त्यांतल्या दहा-बारा ठिकाणी योग्य माणूस निघाला, तर साधनाची नजर आपल्या बाजारावर आहे असे म्हणता येईल आणि पुढचा विचार करता येईल. चार-पाचच सापडल्या, तर आपले गिऱ्हाईक ज्या जगात राहते ते जग त्या साधनाला दिसतच नाही, मग यादी दहा हजारांची असो की लाखाची. प्रतिनिधी या चाचणीला तयार झाला नाही, 'आमचा डेमो ठरावीक असतो' असे म्हणाला, तर त्यातही आपल्याला हवी ती माहिती मिळालेली आहे.

आता नमुना यादीकडे येतो. मी ती ओळीने वाचली. २५ पैकी ४ ओळी हॉटेले आणि मंगल कार्यालयांच्या आहेत. जेथे कार्यक्रम होतात त्या जागेला साधनाने आयोजक मानले आहे. सभागृह भाड्याने देणारा व्यवस्थापक वक्ता कधीच ठरवत नाही. २ ओळी मंडप-डेकोरेशन आणि साउंडवाल्यांच्या आहेत. ६ ओळींत बँका, विमा कंपन्या आणि वाहनांच्या शोरूमची कोल्हापूर शाखा आहे, पण अशा ठिकाणी प्रशिक्षणाचा निर्णय पुण्यात किंवा मुंबईत होतो आणि शाखाधिकारी फार तर चहापाण्याचा खर्च मंजूर करू शकतो. ३ ओळी सामाजिक मंडळांच्या आहेत. उरली ५ महाविद्यालये आणि ५ कारखाने. महाविद्यालयांपैकी एकाचे प्राचार्य निवृत्त झाल्याचे आपण समासात टिपले आहे, आणि कारखान्यांत आपली जुनी फाउंड्रीच आहे, जिच्यापुढे दिलेले मनुष्यबळ अधिकारी आपल्या डोळ्यांदेखत नोकरी सोडून गेले होते. म्हणजे उपयोगाच्या म्हणाव्यात अशा ओळी ८ उरतात, साधारण तिसरा हिस्सा. विक्रेता नमुना म्हणून आपल्याजवळचा गाळ पाठवत नाही, हे लक्षात घेता पूर्ण यादीत हे प्रमाण याहून चांगले असेल असे मानण्याचे कारण नाही.

सामाजिक मंडळांविषयी थोडे विषयांतर करतो. महाराष्ट्रात व्याख्यान हा व्यवसाय होण्याच्या कितीतरी आधी तो लोकशिक्षणाचा भाग होता; पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली, आणि गावोगावच्या व्याख्यानमाला, शाहू जयंतीचे कार्यक्रम, ग्रंथालयांचे वर्धापनदिन हे सगळे त्याच परंपरेत येते. तेथे वक्त्याला शाल, श्रीफळ आणि फार तर प्रवासखर्च मिळतो, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. अशा व्यासपीठावर आपण अवश्य जावे, आपले नाव होण्यास ते उपयोगीच आहे, पण त्या आयोजकाचा पत्ता विकत घेण्याची गरज नसते. तो स्वतःच वक्त्याच्या शोधात असतो. पैसे देणारा आयोजक आणि शाल देणारा आयोजक यांत फरक करणारा रकाना साधनात आहे का, हे जरूर विचारावे. परदेशी धाटणीच्या बहुतेक साधनांत तो नसतो. त्यांच्या लेखी दोन्ही 'इव्हेंट'च असतात.

'व्हेरिफाइड' म्हणजे नक्की काय तपासले, हेही विचारणे आवश्यक आहे. सामान्यतः सॉफ्टवेअर त्या ई-मेलच्या सर्व्हरला विचारते की या पत्त्यावरची टपाल तू स्वीकारशील का, आणि सर्व्हर हो म्हणाला की पत्ता तपासला गेला असे धरते. त्या खुर्चीवर आज कोण बसले आहे, हे त्यातून कळत नाही. शिवाय अनेक कंपन्यांचे सर्व्हर कोणत्याही नावाचे टपाल स्वीकारतात, त्यामुळे मनाने रचलेला पत्ताही या कसोटीला उतरतो. नोंदीपुढे शेवटच्या तपासणीची तारीख असेल आणि ती तपासणी फोन करून झालेली असेल, तरच त्या शब्दाला काही किंमत आहे. नाही तर आपणच आठ-दहा नावांना फोन करून पाहावे. एक दुपार जाईल, पण ६० हजारांच्या निर्णयासाठी ती कारणी लागेल.

या साधनांतला मूळ दोष मात्र मला वेगळाच वाटतो, आणि वक्त्यांशी बोलताना त्याचा उल्लेख क्वचितच होतो. अलीकडची बरीच साधने संकेतस्थळांवरच्या आणि समाजमाध्यमांवरच्या कार्यक्रमांच्या घोषणा धुंडाळून 'ताजी लीड' म्हणून देतात, हल्ली तर त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेले गुणही जोडतात. परंतु जाहीर झालेला कार्यक्रम म्हणजे वक्ता ठरलेला कार्यक्रम. निमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर आपला ई-मेल आला, तर सज्जन आयोजक 'पुढच्या वेळी नक्की' असे उत्तर देतो आणि विसरतो. आपल्याला उपयोगाची असते ती गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाची नोंद: तो कोणत्या महिन्यात झाला, कोणी घेतला, वक्ता बाहेरून आणला होता का. ती हाती असली की यंदाची बैठक साधारण कधी बसेल याचा अंदाज करता येतो. आपल्या क्षेत्रात तर हे दिनदर्शिकेइतके ठरलेले आहे. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची (नॅशनल सेफ्टी कौन्सिल) स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली म्हणून त्या दिवसापासून कारखान्यांत सुरक्षा सप्ताह साजरा होतो, आणि त्याचे वक्ते जानेवारीत, फार तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ठरतात. १४ ते २० नोव्हेंबर हा सहकार सप्ताह. पतसंस्था, दूध संस्था आणि सहकारी कारखान्यांच्या कार्यक्रमांची जुळवाजुळव दिवाळीच्या आगेमागे होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला अंतर्गत समिती आणि जागृतीचे कार्यक्रम बंधनकारक करतो. आपला विषय त्याच्या जवळचा आहे, तेव्हा तेही एक दार आहे. साधनाने आपल्याला मार्चची लीड मार्चमध्ये दिली, तर तिचा उपयोग शून्य. म्हणून डेमोच्या वेळी विचारावे की प्रत्येक लीड कार्यक्रमाच्या किती दिवस आधी दिसते, आणि आपल्या वहीतल्या चौथ्या रकान्याशी ते दिवस ताडून पाहावेत.

साधनांचे प्रकारही निराळे आहेत, आणि सगळ्यांना 'लीड टूल' असे एकच नाव असल्यामुळे तुलना फसते. स्पीकरहब किंवा ई-स्पीकर्ससारख्या सूचीस्थळांवर आपण आपली माहिती ठेवायची आणि आयोजकाने शोधत यायचे. शिरोलीचा उद्योजक तेथे शोधत येईल, असे मला वाटत नाही. लिंक्डइन सेल्स नेव्हिगेटर किंवा अपोलो ही संपर्क शोधण्याची सर्वसाधारण साधने आहेत, वक्त्यांसाठी बनवलेली नाहीत, पण त्यांत पद, शहर आणि कंपनीचा आकार यांनुसार गाळणी लावता येते आणि महिन्याच्या हिशेबाने घेता येतात. सेल्स नेव्हिगेटरच्या मूळ योजनेत अनोळखी व्यक्तीला पाठवता येणारे महिन्याला ५० संदेश मिळतात, आणि नेमके तेवढेच लिहायचे बंधन असल्याने माणूस विचार करून लिहितो. तिसरा प्रकार चौकश्या विकणाऱ्या स्थळांचा: एकाच ग्राहकाची चौकशी पाच-सहा जणांना विकली जाते आणि मग जो सर्वांत स्वस्त तो निवडला जातो; आपल्यासारख्या अनुभवी प्रशिक्षकाने त्या गर्दीत शिरू नये. परिषदांच्या 'वक्ते हवेत' अशा आवाहनांच्या याद्या विकणारेही आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच परिषदा मानधन देत नाहीत, प्रवेशशुल्क माफ करतात एवढेच. याउलट वक्त्यांच्या एजन्सी काम मिळाल्यावर मानधनातून कमिशन घेतात. ती टक्केवारी जड वाटली तरी जोखीम त्यांची असते. आपल्याकडे आलेला प्रस्ताव जोखीम पूर्णपणे आपल्या माथी टाकतो, हे त्यातून स्पष्ट दिसते.

आता पैशांचा हिशेब. ६० हजारांवर १८ टक्के जीएसटी धरून ७०,८०० रुपये होतात. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्यास जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. आपली नोंदणी नसेल, तर भरलेल्या कराची वजावट मिळणार नाही आणि तो पूर्णपणे आपला खर्च ठरेल. अर्ध्या दिवसाच्या १२ हजारांतून प्रवास, छापील साहित्य आणि तयारी वजा जाता ९ हजार उरतात असे धरू. केवळ साधनाचे पैसे वसूल होण्यासाठी ८ कार्यक्रम हवेत, आणि तेही असे की जे या साधनाविना मिळालेच नसते. जुन्या ओळखीच्या उद्योजकाला साधनातून ई-मेल पाठवला आणि त्याने बोलावले, तर ते श्रेय साधनाचे नव्हे. समजा, उपयोगाच्या ५० नावांमागे एक कार्यक्रम मिळतो. तसे झाले तर ८ कार्यक्रमांसाठी ४०० नावे लागतील, आणि आपल्या नमुन्याप्रमाणे तिसराच हिस्सा उपयोगाचा असेल, तर १,२०० ओळी चाळाव्या लागतील. दहा हजार हा आकडा देशभराचा आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि बेळगाव एवढेच निवडल्यावर पडद्यावर किती उरतात, ते प्रतिनिधीला आपल्यासमोर करून दाखवायला सांगावे; १,२०० उरतील का, याची मला शंका आहे. प्रत्येक नावाची माहिती काढणे, ई-मेल लिहिणे आणि दोनदा फोन करणे यांस अर्धा तास धरला तर २०० तास, म्हणजे आठ-आठ तासांचे २५ दिवस, आणि त्या २५ दिवसांची कमाई शून्य, कारण आलेले पैसे साधनाकडे गेले.

या हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एखाद्या कारखान्याने आपल्याला वर्षातून चार वेळा बोलावण्याचे ठरवले, तर असे दोनच ग्राहक खर्च भरून काढतात, आणि पुढच्या वर्षी ते साधनाविना टिकतात. प्रशिक्षकाच्या धंद्यात ही शक्यता वक्त्याच्या धंद्यापेक्षा अधिक असते. म्हणून मी अशा साधनांना सरसकट टाकाऊ म्हणत नाही. आपल्या परिचयातील मुंबईच्या वक्त्यांनाही त्यांचा उपयोग झाला असेल, त्यात नवल नाही. वित्त कंपन्यांत इंग्रजीतून बोलणाऱ्या वक्त्याचे मानधन सहसा कोल्हापूरच्या कारखान्यातील सत्राच्या कित्येक पट असते, त्याचे ग्राहक लिंक्डइनवर दिसतात, त्यांचे प्रशिक्षणाचे अंदाजपत्रक लेखी असते आणि एका कार्यक्रमात साधनाची किंमत निघून जाते. आपले विषय, भाषा आणि मानधन वेगळे आहे, तेव्हा त्यांच्या अनुभवावरून आपला निर्णय करता येणार नाही. उद्या आपण चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यांत जायचे ठरवलेत, जेथे आपली ओळख नाही, आणि मानधन दुप्पट केलेत, तर हाच हिशेब पुन्हा मांडावा. तेव्हा उत्तर वेगळे येऊ शकेल.

तरीही प्रयोग करायचाच असेल तर वर्षाऐवजी एका महिन्याचे शुल्क भरावे आणि तो महिना डिसेंबर असावा, कारण त्यानंतर लगेच सुरक्षा सप्ताहाची जुळवाजुळव सुरू होते. साधनातून ३० नावे निवडावीत आणि आपल्या जुन्या श्रोत्यांनी, संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी सुचवलेली आणखी ३० नावे घ्यावीत. दोन्हींना एकाच धर्तीचा, पण प्रत्येक कारखान्याचा उल्लेख असलेला मजकूर पाठवावा आणि सारख्याच अंतराने फोन करावेत. फेब्रुवारीअखेर किती जणांनी भेटीची वेळ दिली आणि किती कार्यक्रम ठरले, ते वहीत दोन रकान्यांत लिहावे. उघडलेल्या ई-मेलची टक्केवारी प्रतिनिधी कौतुकाने दाखवील. तिच्याकडे दुर्लक्ष करावे, कारण अनेक ई-मेल सेवा संदेश स्वतःच उघडून तपासतात आणि तो आकडा फुगतो.

नावे हाती आली म्हणून एकगठ्ठा संदेश मात्र पाठवू नयेत. जीमेलच्या साध्या खात्यातून दिवसाला ५०० जणांपलीकडे पाठवता येत नाही हे खरे, पण धोका त्याहून बराच आधी सुरू होतो. पुरेशा लोकांनी आपला संदेश स्पॅममध्ये टाकला की त्याच पत्त्यावरून जुन्या ग्राहकाला पाठवलेले कोटेशनही स्पॅममध्ये जाऊ लागते, आणि त्याने उत्तर का दिले नाही याचे कोडे आपल्याला पडते. साध्या मोबाइल क्रमांकावरून प्रचाराचे फोन किंवा एसएमएस केल्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार १९०९ वर तक्रार होऊ शकते आणि क्रमांक बंद होण्यापर्यंत प्रकरण जाते. अनोळखी लोकांना घाऊक संदेश गेल्यास व्हॉट्सॲपही खाते बंद करते. ज्या क्रमांकावर आपली सारी निमंत्रणे येतात तो क्रमांक अशा कामाला लावू नये.

कराराच्या अटींपैकी तीन नीट वाचाव्यात. नूतनीकरण आपोआप होते का, ही पहिली. भारतीय कार्डावरून १५ हजार रुपयांपर्यंतची आवर्ती रक्कम ओटीपीशिवाय वळती होऊ शकते. बँकेची सूचना २४ तास आधी येते, पण ती इतर संदेशांच्या ढिगात हरवते. म्हणून मासिक योजना घेतल्याच्या दिवशीच पुढचे नूतनीकरण रद्द करून ठेवावे. महिनाभर साधन चालूच राहते. दुसरी अट परताव्याची: चुकीच्या नोंदींबद्दल पैसे परत मिळतात, की 'क्रेडिट' म्हणून आणखी नोंदी दिल्या जातात? खराब नोंदींच्या बदल्यात आणखी तशाच नोंदी घेण्यात अर्थ नाही. तिसरी, माहिती कोठून आणली याची. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आहे आणि लोकांचे मोबाइल क्रमांक विकणाऱ्या कंपनीने त्यांचा उगम सांगायला कचरू नये. परदेशी साधन घेतल्यास डॉलरमधल्या किमतीवर १८ टक्के कर आणि कार्डाचे परकीय चलनाचे शुल्क वेगळे लागते, तेही धरावे.

राहता राहिला प्रश्न, हे पैसे वाचले तर ते कोठे लावावेत. आपल्याच आकड्यांनुसार ३४ पैकी २८ निमंत्रणे माणसांमुळे आणि संघटनांमुळे आली. शिरोलीत स्मॅक आणि गोकुळ शिरगावात गोशिमा या उद्योजकांच्या संघटना, उद्यमनगरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आणि फाउंड्रीवाल्यांसाठी इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचा कोल्हापूर विभाग, एवढ्या जागा आपल्या दुचाकीच्या अंतरावर आहेत. कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत आपला एकही कार्यक्रम झालेला पत्रात दिसत नाही. तेथे मोठे कारखाने आहेत आणि माझ्या मते पुढचे पाऊल तेथेच पडावे. महाविद्यालयांत प्राचार्यांऐवजी प्लेसमेंट अधिकारी किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी गाठावेत. शिवाजी विद्यापीठाची संलग्न महाविद्यालये तीन जिल्ह्यांत पसरली आहेत आणि त्यांची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. कार्यक्रम संपल्यावर आयोजकाकडे 'आणखी दोन कारखान्यांची नावे सांगाल का, आणि त्यांना एक फोन कराल का' असे त्याच दिवशी, चहा घेताना विचारावे. दुसऱ्या दिवशी विचारलेले बहुधा राहून जाते. प्रत्यक्ष सत्रातील चार-पाच मिनिटांचे, आवाज स्वच्छ असलेले चित्रीकरण करून घ्यावे, कारण नाव कोठूनही कळले तरी उद्योजक आधी तेच मागतो.

प्रतिनिधीला तोंडी नकार देण्याऐवजी या आठवड्यात पुढील मजकूर ई-मेलने पाठवावा, म्हणजे उत्तरही लेखी येईल: 'सोबतच्या ३४ संस्थांपैकी किती आपल्या साधनात आहेत आणि त्यांपुढे कोणत्या पदाची व्यक्ती नोंदलेली आहे, ते कळवावे. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि बेळगाव येथील एकूण नोंदी किती, आणि त्यांपैकी गेल्या सहा महिन्यांत फोनवरून तपासलेल्या किती, तेही कळवावे. डिसेंबर महिन्यापुरते शुल्क किती होईल? नूतनीकरण आपोआप होणार नाही, असे बिलावर लिहून द्यावे.' यादी पाठवताना संस्थांची नावे तेवढी द्यावीत, आपल्या माणसांची नावे आणि क्रमांक देऊ नयेत, नाही तर तीच माणसे पुढच्या वक्त्याला 'व्हेरिफाइड' म्हणून विकली जातील.